स्क्रीन दाखवली म्हणजे कागद दिला असं होत नाही

"दिसतंय ना सगळ्यांना?" ऑनलाइन मीटिंगमध्ये या प्रश्नाला सहसा कोणी "नाही" म्हणत नाही. दोघं-तिघं "हो हो" म्हणतात, बाकीचे म्यूटवर असतात आणि हिशोब मंजूर होऊन जातो. माझा राग या मंजुरीवर आहे.

मी नागपुरात राहून शेतकरी उत्पादक कंपन्यांचे, म्हणजे शेतकऱ्यांनीच सभासद होऊन काढलेल्या कंपन्यांचे, हिशोब बघते. सभासद बहुतेक काटोल, नरखेड, वरूडकडचे संत्रा बागायतदार. कोविडनंतर बऱ्याच बैठका व्हिडिओवर आल्या आणि ते चांगलंच झालं. आंबिया बहराची तोडणी सुरू असताना बाग सोडून दोन तासांच्या बैठकीसाठी नागपूर गाठणं कोणाला परवडतं? आता माणूस बांधावर उभा राहूनही बैठकीला असतो. पण तो मोबाईलवर असतो, हे नागपुरात मोठ्या स्क्रीनसमोर बसलेले लोक विसरतात.

अशाच एका बैठकीत विक्रीचा तक्ता स्क्रीनवर आला. तारीख, गाडी नंबर, फळाची प्रत, वजन, भाव, हमाली, भाडं, कपात, निव्वळ रक्कम... लॅपटॉपवरसुद्धा उजवीकडे सरकवल्याशिवाय पूर्ण दिसणार नाही इतके रकाने. नरखेडकडचे एक काका म्हणाले, "ताई, बारीक बारीक दिसून राह्यलं, आकडा समजूनच नाही राह्यला." तक्ता दाखवणारे म्हणाले, "काका, नंतर ग्रुपवर टाकतो," आणि खाली सरकवत गेले. भाड्याचा विषय तिथंच मंजूर झाला. तक्ता ग्रुपवर आला तेव्हा इतिवृत्त लिहून झालं होतं.

यात काकांच्या डोळ्यांचा दोष नाही. स्क्रीन शेअर करताना आपली फाईल समोरच्याकडे जातच नाही. जातं ते तिचं चित्र, व्हिडिओसारखं, दाबून लहान केलेलं. नेट बारीक झालं की ॲप त्या चित्राची स्पष्टता तरी कमी करतं नाहीतर वेग तरी. म्हणून आपण भराभर खाली सरकवतो तेव्हा पलीकडे आधी धूसर पट्टे दिसतात आणि अक्षरं उमटेपर्यंत आपण पुढच्या पानावर गेलेलो असतो. मोबाईलवर दोन बोटांनी मोठं करून बघा म्हणणं सोपं आहे, पण आलेलं चित्रच धूसर असेल तर मोठा होतो तो धूसरपणा. तीच फाईल फोनमध्ये असेल तर अक्षर फोन स्वतः काढतो, कितीही मोठं केलं तरी स्वच्छ. शिवाय मागचं पान उलटून बघता येतं, जे दुसऱ्याच्या स्क्रीनवर कधीच जमत नाही. मायक्रोसॉफ्टच्या टीम्स ॲपमध्ये पॉवरपॉइंट लाइव्ह या सोयीने सादरीकरण दाखवलं तर बघणाऱ्याला आपल्यापुरती स्लाइड मागेपुढे करता येते. ही सोय फार मोलाची आहे आणि ती वापरणारे मला फारसे भेटत नाहीत.

कायद्याची अपेक्षाही हीच आहे. उत्पादक कंपनीच्या वार्षिक सभेची नोटीस किमान 14 दिवस आधी द्यावी लागते आणि सोबत विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद जोडावा लागतो. सभासदाने घरी बसून वाचावं, कोणाला तरी विचारावं, मग सभेत बोलावं, यासाठीच हे दिवस आहेत. संचालकांच्या किंवा महिन्याच्या बैठकीला तो कागद आयत्या वेळी स्क्रीनवर झळकवून कसं चालेल? आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्ट खंडपीठात 2020 मध्ये व्हिडिओवर सुनावण्या झाल्या, तेव्हाही कागदपत्रं आधी दाखल झालेली असत. वकील पान नंबर सांगतो आणि न्यायमूर्ती आपल्यासमोरच्या प्रतीत ते पान उघडतात. बैठकीतही "हे बघा, इथं" म्हणण्याऐवजी "पान 3, खालून दुसरी ओळ" म्हणा. पानांवर नंबर मात्र टाकलेले हवेत.

आता मराठीचा स्वतंत्र त्रास. आपल्याकडे अजूनही कितीतरी ऑफिसांत टायपिंग कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होतं. ती वर्ड फाईल तशीच पाठवली आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला, की ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा दिसतो. शेतकऱ्याला वाटतं आपल्याच फोनमध्ये बिघाड आहे, आणि तो गप्प बसतो. हा गप्पपणा मला सगळ्यात जास्त लागतो. उपाय साधा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसेल अशा पद्धतीत, टाइप करा, आणि ते जमेपर्यंत निदान पीडीएफ करून पाठवा, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट फाईलबरोबरच जातो. तक्ता असेल तर पीडीएफ करण्याआधी पान आडवं करा, नको ते रकाने लपवा, अक्षर मोठं करा. फोनवर उघडून स्वतः वाचून बघा आणि मगच पाठवा. व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो टाकायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून टाका. साध्या फोटोसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि आकडे पुसट होतात.

गूगलची लिंक देणार असाल तर परवानगी आधी तपासा. ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे आपलं लॉगिन नसलेल्या खिडकीत, उघडून बघितलं की लगेच कळतं. नाहीतर ऐन बैठकीत वीस जणांच्या परवानगीच्या विनंत्या मेलवर येतात आणि अध्यक्ष बोलायचे थांबतात. सगळ्यांना एडिटिंगचा हक्कही देऊ नका, हिशोबाच्या तक्त्यात एखाद्याचं बोट लागून आकडा बदललेला कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि लिंक फक्त मीटिंगच्या चॅटमध्ये टाकून थांबू नका. उशिरा जोडलेल्याला आधीचा चॅट बहुतेक वेळा दिसत नाही, आणि रेंज जाऊन पुन्हा जोडलेला माणूस तर खेड्यातून हमखास असतोच. ती व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच असू द्या.

एवढं केल्यावर स्क्रीन शेअर जरूर करा. सगळ्यांचं लक्ष एका ओळीवर आणायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. फक्त पूर्ण स्क्रीन न दाखवता तेवढीच खिडकी किंवा टॅब दाखवा. कंपनीच्या बैठकीत कोणाच्या खात्यात किती जमा झाले याचा मेसेज सगळ्यांसमोर उघडा पडावा, असं कोणालाच वाटत नाही. फवारणीचा व्हिडिओ दाखवायचा असेल तर झूममध्ये आवाज शेअर करण्याच्या खुणेवर टिक करा, मीटमध्ये टॅब शेअर करा. लांबलचक व्हिडिओची मात्र लिंकच द्या.

कागद आधी पोचला की काय होतं तेही बघितलंय. दुसऱ्या एका कंपनीत तक्ता चार दिवस आधी ग्रुपवर टाकला. बैठक सुरू होताच एका ताईंनी विचारलं, "पान 2 वर एकाच गाडीचं भाडं दोनदा कसं लागलं?" त्या मोबाईलवरूनच बोलत होत्या, मागे मोटरचा आवाज येत होता. अर्धा तास चर्चा झाली, नोंद दुरुस्त झाली, आणि तो ठराव वाचूनच मंजूर झाला.

स्मार्टफोन नसलेले सभासद अजूनही आहेत, हे धरून चला. त्यांच्यासाठी तेच पान मोठ्या अक्षरात छापून संकलन केंद्राच्या भिंतीवर लावा, आणि बैठकीच्या आदल्या दिवशी सचिवांनी त्यांना एक फोन करून विचारावं की वाचलं का, काही विचारायचंय का.