धुऱ्याच्या भांडणावर रामबाण इलाज

भाऊ, तुमचं शेजाऱ्यासंग धुऱ्याचं, म्हणजे वावराच्या बांधाचं, भांडण असन तर तलाठी, मोजणी, कोर्ट याच्या भानगडीत पडूच नका, सरळ एक अणुबॉम्ब घ्या आन् गोठ्यात कुटाराखाली ठेवून द्या. वापराचा नाई बरं, फक्त आहे म्हणून पानठेल्यावर सांगत राहाचं. मंग शेजारी दोन आणन, तुमी चार आणा, दोघंई धुऱ्याले हात लावत नाई, यालेच मोठे देश शांतता म्हणतात. अमेरिका-रशियानं असेच हजारोंनी जमवले. १९४५ मधी हिरोशिमावर पडला त्याच्यातलं किलोभर युरेनियमई पुरतं फुटलं नव्हतं, म्हणजे बाजारातली किलोभर वांगी समजा, तरी वर्ष सरेपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार माणसं गेली. धुरा कोणाचा ते इचाराले कोणी उरन का, हे आपलं काम नाई.

बॉम्ब महाग पडत असन तर अणुभट्टी टाका. आपल्या इथं शेतीची लाईन रात्री १२ ले येते, पायात साप का पाईप तेई दिसत नाई. अणूले मात्र धूर नाई, राख नाई, तारापूर १९६९ पासून वीज देऊन राहिलं. आमच्या मावशीले कॅन्सरचा शेक दिला तोई कोबाल्टच्या मशीनवर, आन् तो कोबाल्ट भट्टीतच बनते, मावशी आता निंदाले जाते, म्हणून खोटं बोलवत नाई.

फक्त भट्टी चालवतानी आपली गावठी अक्कल लावा. डीपीतलं किटकॅट, म्हणजे फ्यूज, घडीघडी उडते म्हणून आमी त्याच्यात जाड तार गुंडाळली, तवापासून उडतच नाई, गेल्या खेपेले थेट डीपीच जळली ते सोडा. चेर्नोबिलची जे अणुभट्टी फुटली, तिथल्याइनंई २६ एप्रिल १९८६ च्या रात्री टेस्टसाठी सुरक्षेच्या यंत्रणा बंद करून ठेवल्या होत्या, इंजिनिअर होते बाप्पा, आपल्यासारखे अडाणी नाई!

राहिला भट्टीचा कचरा. त्याच्यातलं प्लुटोनियम अर्धं व्हाले २४ हजार वर्षं लागते, तवरोक जागल करा लागन. आमचा गडी चन्याच्या जागलीले ठेवला त दुसऱ्याच रात्री माळ्यावर घोरत होता, डुकरं अर्धा एकर साफ करून गेली. तरी त्याले इचारून पाहा, पाडव्यापासून रिकामा आहे. उचल तेवढी देऊ नका, मागचीच फिटली नाई.