आवाज चढवला म्हणून नंबर लागत नाही

आज नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या एका लॉन्सवर साखरपुडा होता. जेवताना ह्यांचे मामा रंगात आले. समोर आठ-दहा जण ऐकायला, आणि विषय काय, तर "त्या रात्री मी हॉस्पिटलात आवाज चढवला म्हणून अक्काचा नंबर लागला, नाहीतर सकाळपर्यंत बसवून ठेवलं असतं." माना डोलत होत्या. एकाने तर "बरोबर केलंत मामा, हे डॉक्टर लोक असेच वठणीवर येतात" अशी पावतीही फाडली. चारचौघांत मोठ्या माणसाला काय बोलायचं, म्हणून मी मठ्ठा पीत गप्प बसले. आता घरी आलेय. लिहिणार आहे.

कारण त्या रात्री मीही तिथेच होते.

माझ्या सासूबाई, म्हणजे मामांची अक्का, बाथरूममध्ये घसरून उजव्या हातावर पडल्या होत्या. मनगट बघवत नव्हतं. आम्ही इंदिरानगरहून गाडीत घालून नेलं. मामा सिडकोतून स्कूटरवर आमच्याआधीच पोचलेले. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरने बीपी पाहिलं, बोटं हलवून दाखवायला सांगितली, नखं दाबून पाहिली, हाताला खाली आधार देऊन पट्टी बांधली, दुखायचं इंजेक्शन दिलं. मग तिचं लक्ष गेलं आईंच्या पुष्कराजाच्या अंगठीकडे. बोट सुजायला लागलेलं, अंगठी फिरेनाशी झालेली. तिने एक दोरा मागवला. त्याचं टोक सुईच्या मागच्या बाजूने अंगठीखालून ओवलं, उरलेला दोरा बोटाच्या पेरापर्यंत घट्ट गुंडाळत नेला आणि मग खालचं टोक धरून हळूहळू उलगडत गेली. अंगठी एकेक वेढा पुढे सरकत अलगद बाहेर आली. आणखी उशीर झाला असता तर कापावी लागली असती, आणि नसती कापली तर बोटाचा रक्तपुरवठाच अडला असता. हाताला लागलं की अंगठ्या-बांगड्या तिथल्या तिथे काढा, हे ती सहज बोलून गेली. अंगठी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आजींचं ठीक आहे, थोडं बसा."

हे सगळं होऊनही मामांच्या हिशेबात "कोणी बघायलाच तयार नव्हतं".

तेवढ्यात चाळिशीचा एक माणूस आला. स्वतःच्या पायांनी चालत. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, हात छातीवर. "ॲसिडिटी झालीय बहुतेक" म्हणाला. त्याला थेट आत घेतलं. झालं! मामांचा पारा चढला. "आम्ही आधी आलोय! चालत आलेला आत, आणि सत्तरीची बाई बाहेर?"

ही काय काळारामाच्या दर्शनाची रांग आहे का, आधी आला तो आधी आत? तिथे ज्याचा जीव धोक्यात तो आधी. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघायला हवा, हा जगभरचा नियम आहे, कारण हृदयाची नस बंद पडली असेल तर मिनिटामिनिटाला तो स्नायू मरत असतो. मोठ्या हॉस्पिटलांत लाल, पिवळा, हिरवा अशी वर्गवारीच करतात, ट्रायज म्हणतात त्याला. मोडलेलं मनगट भयंकर दुखतं, मान्य. पण बोटं गुलाबी आहेत, हलतायत, म्हणजे ते थांबू शकतं. तुम्हाला थांबवलंय ना? मग देवाचे आभार माना. कॅज्युअल्टीत ज्याच्यासाठी सगळे धावत येतात, त्याच्या जागी आपलं माणूस असावं असं कोणाला वाटेल?

पॅरालिसिसचंही तसंच. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, की घरी साखरपाणी देत, तळपाय चोळत बसायचं नाही. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून तिथे पहिला प्रश्न येतो, "शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?" त्यावर "मगाशी" असं उत्तर देऊन चालत नाही. घड्याळ बघून सांगा.

आणि हो, तोच प्रश्न तीनदा विचारतात. आधी सिस्टर, मग शिकाऊ डॉक्टर, मग मोठे डॉक्टर. मामा म्हणाले, "यांचं एकमेकांशी बोलणं नाही वाटतं!" अहो, पेशंट पहिल्यांदा जे विसरतो ते तिसऱ्यांदा आठवतं. आईंनी तिसऱ्या वेळेस सांगितलं की पडायच्या आधी डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मग त्यांचाही ईसीजी निघाला, शुगर तपासली.

आता मी मामांवर एवढी का चिडलेय ते सांगते.

त्या छातीत दुखणाऱ्या माणसाची बायको माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर त्याचं हेल्मेट, त्यात त्याचं पाकीट आणि मोबाईल. मामा ओरडत होते ते सगळं तिला ऐकू येत होतं. ती उठली, मामांपाशी गेली आणि म्हणाली, "काका, तुमचं आधी करून घ्या हवं तर. आम्ही थांबतो." आत तिच्या नवऱ्याच्या छातीला ईसीजीच्या तारा लावलेल्या, आणि ही बाहेर आमची माफी मागतेय! मी तिला हाताला धरून खाली बसवलं. मामांनी तेव्हाही आवाज खाली आणला नाही.

खरं सांगायचं तर मामा वाईट नाहीत. अक्काने त्यांना आईच्या माघारी वाढवलंय. तिचा वाकडा झालेला हात बघून माणूस भेदरला. त्या बाकड्यावर सगळ्यांचीच भीती रागासारखी बाहेर पडते, माझीही पडली असती. त्या रात्रीचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. पण इतक्या दिवसांनी जिलेबी खात त्याची शौर्यकथा करायची, हे नाही पटत.

आणि दुसरी बाजू आहेच, लिहिते, नाहीतर तुम्ही कमेंटमध्ये लिहालच. काही ठिकाणी पेशंट दारात असताना आधी डिपॉझिटच्या काउंटरला पिटाळतात. तिथे भांडा, जरूर भांडा. सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. झाकीर हुसेन हॉस्पिटलातली ऑक्सिजन गळतीही नाशिककर विसरलेले नाहीत. पण त्या सगळ्याचा राग रात्रपाळीच्या पोरीवर काढायचा? आमच्यासमोर जी डॉक्टर होती ती माझ्या भाचीच्या वयाची होती. तिने मामांचं ऐकून घेतलं, "काका, दोन मिनिटं" म्हणाली आणि आत पळाली. अशा पोरीवर हात उगारणारे महाभागही आपल्यातच आहेत. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, गुन्हा अजामीनपात्र, तोडफोड केली तर दुप्पट भरपाई. तरी व्हिडिओ येतच असतात.

सिव्हिलचं तर बोलूच नका. सुरगाणा, पेठ, इगतपुरी, कळवण, सगळीकडचे जड पेशंट तिथे येतात. पावसाळ्यात साप चावलेले, हायवेवरचे अपघात, विषारी औषध प्यायलेले. तिथल्या मावशींनी "बाजूला व्हा" म्हटलं की आपला अपमान होतो!

हॉस्पिटलवाल्यांवर माझा राग एकच. सांगत का नाही? "तुमचा पेशंट स्थिर आहे, ह्यांचं हृदयाचं आहे म्हणून आधी घेतोय", एवढं एक वाक्य कोणी बाहेर येऊन बोललं तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

आता नंबर कसा लागला ते. मामांचा आरडाओरडा आणि एक्स-रेवाल्याची मोकळीक एकाच वेळी जुळून आली, इतकंच. एक्स-रेत हाड सरकलेलं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, भूल देऊन बसवू, आजींनी शेवटचं काय खाल्लं? तर मामांनी मधल्या वेळात टपरीवरचा दुधाचा चहा आणून आईंना पाजला होता, वर पारले-जी बुडवून! मी ह्यांना फोन करायला बाहेर गेले होते तेवढ्यात. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून पोट रिकामं लागतं. मग काय, तेवढ्यापुरती प्लास्टरची स्लॅब (अर्धं प्लास्टर) लावली आणि हाड बसवायचं काम सकाळवर गेलं. म्हणजे अक्काला सकाळपर्यंत बसवून कोणी ठेवलं, ते पंगतीत सांगायचं राहिलं वाटतं.

तर मंडळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय चहा नाही, पाणीसुद्धा नाही. रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, "बीपीची छोटी गुलाबी गोळी" यावरून कोणालाच काही कळत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारायच्या आधी सांगा. कसली ॲलर्जी असेल तर तीही. पडलं-झडलं, अपघात, भाजणं असेल तर एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) होऊ शकते, पोलिस जबाब घेतात, घाबरून खोटं सांगू नका. पेशंटपाशी एकानेच थांबा, बाकीच्यांनी पार्किंग, पैसे, फोन बघा. आणि छातीत दुखत असताना स्वतः गाडी चालवत निघू नका, १०८ ला फोन करा, फुकट आहे, सोबत डॉक्टर असतो. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये आपल्या गाडीपेक्षा तिला वाट लवकर मिळते. नेहमी नाही मिळत, ते सोडा.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. रस्ते होतायत, घाट होतायत. तेवढ्यात प्रत्येक कॅज्युअल्टीच्या दाराशी, नातेवाइकांशी बोलायला म्हणून, एक माणूस नेमा. डॉक्टर नसला तरी चालेल, नीट बोलता येणारा हवा.