फुटपाथवरची सावलीसुद्धा यांच्याच मालकीची का?

आत्ता घरी पोचलोय, पोटऱ्यांना गोळे आलेत, अंघोळ व्हायचीय, पण हे आधी लिहून टाकतो नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

पहाटे साडेपाचला शहरातून निघालो होतो, १२० किलोमीटरची राईड. परत येताना ८५ किलोमीटर झाले आणि बरोब्बर श्रीमंतांच्या बंगल्यांच्या पट्ट्यात मागच्या चाकाची हवा गेली. दुपारचा दीड, ऊन मी म्हणत होतं, आणि अख्ख्या रस्त्यावर सावली कुठे तर एका बंगल्याच्या भिंतीवरून बाहेर झुकलेल्या झाडाची. आत नाही, बाहेर, फुटपाथवर. तिथे सायकल उलटी केली, चाक काढलं, ट्यूब ओढून काढली आणि टायरच्या आतून अंगठा फिरवत बसलो, कारण टोचलेली वस्तू तशीच ठेवून नवी ट्यूब टाकली की दहा मिनिटांत तीही जाते. सापडली, तांदळाच्या दाण्याएवढी काच. ती नखाने उकरतोय तेवढ्यात गेटच्या खांबावरच्या इंटरकॉममधून आवाज आला, "ओ, इथे बसू नका, पुढे जा."

पुढे जा! अरे चाक माझ्या मांडीवर आहे, पुढे जाऊ कशावर? म्हटलं पंक्चर आहे, पाच मिनिटं द्या. तर म्हणे, "इथल्या लोकांना त्रास होतो." कुठल्या लोकांना? त्या रस्त्यावर लांबपर्यंत एक माणूस चालताना दिसत नव्हता. मग वॉचमन बाहेर आला. त्याच्यावर माझा अजिबात राग नाही, तो बिचारा खाली बघतच म्हणाला, "दादा, कॅमेऱ्यात दिसतंय, मला बोलतील." त्याच्यासाठी उठलो, त्या आवाजासाठी नाही. एका हातात चाक, दुसऱ्या हातात सायकल, दातात टायर लिव्हर, म्हणजे टायर रिममधून काढायची पट्टी, असा शंभर पावलं लंगडत उन्हात गेलो आणि तिथे बसून ट्यूब घातली. छोट्या हातपंपाने रोड बाईकच्या टायरमध्ये ८० पीएसआय इतका हवेचा दाब भरायचा म्हणजे दोनशेच्या वर दट्टे मारावे लागतात, तेही तापलेल्या फरशीवर गुडघे टेकून. गुडघ्यावर अजून लाल वळ आहे.

डोकं खरं फिरलं ते पुढेच. माझ्या दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या. अशा उन्हात तासाला लिटरभर घाम सहज जातो, हे सायकल चालवणाऱ्याला सांगायला नको. आणि भिंतीपलीकडे भर दुपारी स्प्रिंकलर चालू! निम्मं पाणी लॉनवर, निम्मं गेटखालून वाहत फुटपाथवर, तिथून माझ्या बुटांना लागून गटारात. मी ते बघत पंप मारतोय, तोंडात थुंकी नाही. सात-आठ किलोमीटरच्या त्या पट्ट्यात एक सार्वजनिक नळ नाही, बाक नाही, टपरी नाही. गाडीतून यायचं, गेट उघडायचं, आत जायचं, याशिवाय कुणी त्या रस्त्यावर असूच नये अशी सगळी रचना.

सायकल लेन तर त्यांच्या हद्दीच्या पाटीपाशी संपतेच, पुढे तो पट्टा पार्किंगला. म्हणजे उभ्या गाड्यांच्या दारांशेजारून जीव मुठीत धरून जायचं, कधी कोण दार उघडेल नेम नाही. नेदरलँड्समध्ये दारापासून लांब असलेल्या हाताने दार उघडायला शिकवतात, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. एवढीशी गोष्ट! इथे काळ्या काचेआडून आपण दिसतो तरी का कोण जाणे. आणि गाडीवाल्यांची ती जात, जी जोरात ओव्हरटेक करून लगेच आपल्यासमोर ब्रेक मारते आणि स्वतःच्या गेटमध्ये वळते. चार सेकंद थांबला असतास तर काय बिघडलं असतं रे? आज असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी हँडल इतकं ओढलं की मनगट अजून दुखतंय. त्यांच्या चौकातला सिग्नलही तसलाच, रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावर धातू आला की हिरवा होतो, आणि माझी सायकल त्याला कळतच नाही. मागून गाडी येईपर्यंत उभा राहा.

आणि हे गुळगुळीत रस्ते पहिल्यांदा मोठ्याने मागितले कुणी? सायकलवाल्यांनी. अमेरिकेत १८८० साली लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन ही सायकलस्वारांची संघटना स्थापन झाली, तिने चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ केली, १८९२ पासून 'गुड रोड्स' नावाचं मासिक काढलं. मोटारी तेव्हा रस्त्यावर जवळजवळ नव्हत्याच. आणि आज त्याच रस्त्याच्या कडेला पंक्चर काढायला बसलो तर मला हाकलतात.

पुढच्या रविवारी पुन्हा त्याच रस्त्याने जाणार आहे. त्याच झाडाखाली फुटपाथवर थांबणार, बाटली काढून सावकाश पाणी पिणार. वॉचमनदादांना आधीच सांगेन की तुम्ही आतच बसा, जे बोलायचंय ते त्या इंटरकॉमवाल्याने स्वतः बाहेर येऊन बोलावं.