सोलर लावलं आणि आमचा वीजवापर दुप्पट झाला

गेल्या आठवड्यात पाहुण्यांच्यात साखरपुड्याला गेलो होतो, जेवताना विषय निघाला सोलरचा. आजकाल चार माणसं जमली की आधी जमिनीचे भाव, मग पोरांची लग्नं आणि तिसरा विषय सोलर. जो तो सांगतोय आमचं झिरो बिल, आमचं झिरो बिल. एक दाजी तर मोबाईलमध्ये बिलाचा फोटो दाखवत होते, जसं काय नातवाचं बारसं आहे. मला हसू आलं कारण दोन वर्षांपूर्वी मी पण असाच फोटो दाखवत फिरायचो.

आता खरं काय झालं ते सांगतो, लाज वाटते पण सांगतो.

आम्ही कराडचे. 2024 च्या फेब्रुवारीत ती केंद्र सरकारची घराच्या गच्चीवर सोलर बसवायची पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी, म्हटलं आता नाही तर कधी. त्या उन्हाळ्यात बसवून टाकलं. बसवणारा पोरगा गच्चीवर आला, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला काका तो नारळ काढावा लागंल, सावली पडती. आई खाली भाजी निवडत होती, तिथूनच ओरडली, "झाडाला हात लावायचा नाय, पायजे तर तुझं ते पत्रं दुसरीकडं ठेव." संपला विषय. पॅनल पाण्याच्या टाकीच्या पलीकडं सरकवली, स्ट्रक्चरचे चार पैसे जास्त गेले. (तो नारळ वडिलांनी लावलेला आहे, आणि खरं सांगू का, दुपारी पश्चिमेच्या खोलीवर त्याचीच सावली असते म्हणून ती खोली जरा बरी. पॅनलच्या नादात सावलीची किंमत कुणी धरतच नाही.)

पॅनल चालू झाली, ॲपमध्ये रोज 12-13 युनिट दिसायला लागले आणि डोकंच फिरलं. फुकट आहे ना मग लावा. आधी हॉलमध्ये दीड टनाचा एसी आला. मग बायको म्हणाली इंडक्शन घेऊ, घेतलं. पोरगा रात्रभर एसीत झोपायला लागला, अंगावर ब्लँकेट घेऊन! गीझर चालू राहिला तरी कुणी ओरडंना. आधी आमच्यात "लाईट कुणी चालू ठेवली" यावरनं रोज एक भांडण ठरलेलं असायचं, ते बंदच झालं. मला वाटलं घरात शांतता आली.

मग गेल्या मे महिन्यात सहज वही घेऊन बसलो. बिलात इम्पोर्ट (बाहेरनं घरात आलेली वीज) आणि एक्स्पोर्ट (आपण लाईनीत सोडलेली वीज) असे दोन आकडे असतात, बहुतेक लोक खालची रक्कम बघून बिल फ्रिजवर चिकटवतात. तर पॅनलनी तयार केले 352 युनिट, त्यातले बाहेर गेले 148, आणि बाहेरनं आत आले 201. म्हणजे आम्ही स्वतः वापरले किती? 352 मधनं 148 वजा, अधिक 201. 405 युनिट! सोलर लावायच्या आधीच्या मे महिन्यात आम्ही वापरले होते 210. माणसं तीच, घर तेच. बिल मात्र दोन हजारावरनं पाचशेच्या घरात आलेलं, त्यामुळं सगळे खूश, मीपण खूश होतो की.

आणि ते 201 युनिट कधी आले? सूर्य मावळल्यावर. हेच लोकांच्या डोक्यात शिरत नाही. आपण म्हणतो आमचं घर सोलरवर चालतं. अरे संध्याकाळी सात वाजता तुझं घर सोलरवर चालत नाही बाबा. नेट मीटर, म्हणजे दिलेली वीज घेतलेल्या विजेतनं वजा करणारा मीटर, हा नुसता हिशोब आहे, पाण्याच्या टाकीसारखी वीज कुठं साठवून ठेवलेली नसते. दिवसा तू दिलेली वीज शेजारच्या गिरणीनं तेव्हाच वापरून टाकली, रात्री तुला जी येते ती चंद्रपूरला कोळसा जाळून किंवा आमच्या कोयनेतनं येते. कोयना तर आमच्या उशाशी, 1960 मेगावॅटचा प्रकल्प, संध्याकाळी मागणी वाढली की टर्बाइन सुरू करून ती भागवायला सोयीचा. पण वीज करायला मुख्यत्वे ते पाणी डोंगरातनं पलीकडं पोफळीला सोडतात, तिथनं वाशिष्ठीत आणि पुढं समुद्रात. एकदा तिकडं गेलं की कृष्णाकाठाला ते परत येत नाही. म्हणजे माझा पोरगा ब्लँकेट घेऊन एसीत झोपतो तेव्हा कुठं तरी कोळसा नाहीतर पाणी जातंच आहे. बिल झिरो आलं तरी.

अजून एक गंमत. लाईट गेली की सोलर पण बंद! पहिल्या पावसाळ्यात भर दुपारी, ऊन पडलेलं, लाईट गेली आणि घर ठप्प. बायको म्हणाली एवढे पैसे घालून उपयोग काय. कारण साधं आहे, बाहेरची लाईन बंद असताना तुमच्या गच्चीवरनं करंट लाईनीत गेला तर पोलवर चढलेला वायरमन मरंल, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा, बॅटरीवाला नव्हे) आपोआप बंद होतो. बॅटरीवालं हायब्रीड घेतलं तर चालतं पण ते महाग. हे विकताना कुणी सांगत नाही.

काजळीचं पण कुणी सांगत नाही. आमच्याकडं कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की चिपाडाची काळी राख गच्चीवर, वाळत घातलेल्या धोतरावर, पॅनलवर. आठवड्याला धुवायला लागतं आणि बोअरच्या पाण्यानं धुतलं की पांढरे डाग पडतात. मी आता पावसाचं पाणी दोन बॅरलमध्ये साठवतो त्यासाठी.

तर मुद्दा काय, माझं आता असं मत झालंय की पॅनल हे सगळ्यात शेवटी लावायची गोष्ट आहे. आपण उलटं करतो. आधी घराला पडलेली भोकं बुजवा की राव.

साधा सीलिंग फॅन 75 वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा 30 च्या आसपास. आमचे तीन पंखे दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला 48-49 युनिट नुसते पंख्यात वाचले. एक पंखा तीन हजाराला. सेट टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी आत चालूच असतो, महिन्याला पाचसहा युनिट नुसते लाल दिव्यासाठी, भिंतीवरचं बटण बंद करा. आंघोळीच्या एक बादली पाण्याला अर्धा युनिट लागतो, पाच माणसांचे झाले अडीच, रोज! त्याला गच्चीवर साधा सोलर वॉटर हीटर, नळ्यांचा. पॅनल उन्हाच्या पाचव्या हिश्श्याची वीज करतात, नळ्या त्याच उन्हाची थेट उष्णता त्याच्या दुप्पट-तिप्पट पकडतात. उन्हाची वीज करायची आणि त्या विजेनं परत पाणी तापवायचं हा द्राविडी प्राणायाम कशाला? आमची आजी बंब पेटवायची त्यात शेणी, नारळाच्या झावळ्या, करवंट्या सगळं खपायचं. आता त्याच झावळ्या घंटागाडीत जातात. धुराचं कौतुक नाही मला, आजीचे डोळे त्यानंच गेले, पण काही वाया जात नव्हतं एवढं खरं.

आई अजून डाळ तासभर आधी भिजत घालते. भाताला कढ आला की पातेलं उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवते, वीस मिनिटांनी मोकळा भात तयार. मी इंडक्शनचं कौतुक सांगायला गेलो तर म्हणाली हे तुझं मशीन मला शिकवू नको.

आमच्या शेजारच्याच पाटण तालुक्यात मान्याचीवाडी आहे, 2024 ला राज्यातलं पहिलं सौरग्राम, म्हणजे सगळं गाव सोलरवर, झालं. शंभरेक उंबऱ्याची वाडी. लोक म्हणतात बघा वाडीला जमतं, शहराला का नाही. मला वाटतं जमतं कारण वाडीतल्या घराची गरजच मुळात बेताची असते, थोड्या पॅनलवर भागतं. आपल्याला गच्ची भरून पॅनल लावली तरी पुरंना झालंय.

फ्लॅटवाल्यांचं दुखणं वेगळं, गच्ची कुणाची यावरनं सोसायटीत मारामाऱ्या. त्यावर एकदा सविस्तर लिहीन. पण पंखा बदलायला सोसायटीची एनओसी लागत नाही.

सोलर लावू नका असं मी अजिबात म्हणत नाहीय, कमेंटमध्ये भांडायला येऊ नका. माझं आहे गच्चीवर, राहणार. फक्त मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर आता दुपारी ऊन असताना चालवतो, म्हणजे आपलीच वीज आपण खातो. एसी विकला नाही, खोटं कशाला बोलू, पण 26 वर आणि झोपताना टायमर लावून, पंख्याबरोबर. पोराशी चार दिवस अबोला होता.

वही अजून ठेवलीय. या महिन्यात एकूण वापर 238. आईला आकडा सांगितला तर म्हणाली, "आन् देवघरातला दिवा धरला का त्यात?" तो तेलाचा आहे हे सांगायच्या आत ती नारळाखाली खाट टाकून झोपली पण.