गरोदरपणात लाल गोळ्या बंद करा म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत, त्या उष्ण पडतात, बाळ काळं होतं, पोटात मोठं होऊन सिझर करावं लागतं, आणि रक्त तर सगळ्यांचंच कमी होतं त्यात घाबरायचं काय, रोज बीट-गूळ-खजूर खा, महिन्याभरात हिमोग्लोबिन 12. मी नर्स आहे, गरोदर मातांची तपासणी हेच माझं रोजचं काम, हे वाचून ज्या गोळ्या बंद करतात त्यांचे रिपोर्ट माझ्याच हातात येतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"बाळ काळं होतं." अजिबात नाही. रंग आईबापाकडून येतो, गोळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. काळी होते ती आपली शी, कारण गोळीतलं जे लोह अंगी लागत नाही ते तसंच बाहेर पडतं. बहुतेक तेच बघून कुणीतरी बाळाचा रंग जोडला असावा.

"बाळ मोठं होतं, सिझर होतं." उलट आहे हो. अ‍ॅनिमिया म्हणजे अंगात रक्त (हिमोग्लोबिन) कमी असणं, ते अंगावर काढलं तर बाळ कमी वजनाचं होण्याची, दिवस भरायच्या आधी डिलिव्हरी होण्याची भीती वाढते. आणि डिलिव्हरीत थोडं रक्त सगळ्यांचंच जातं, पण जिचं हिमोग्लोबिन आधीच 7 आहे तिला तेवढं जाणंसुद्धा जिवावर बेततं, हे मेसेज पाठवणाऱ्याने एकदा लेबर रूममध्ये उभं राहून बघावं.

"रक्त सगळ्यांचंच कमी होतं." यात थोडं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, रक्त पातळ होतं, आकडा जरा उतरतो. पण हे धरूनच तर गरोदर बाईसाठी 11 ची रेषा ठेवलीय, एरवी ती 12 असते. 11 च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, 7 च्या खाली गंभीर. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायका अ‍ॅनिमिक निघाल्या, सगळ्यांना आहे म्हणजे नॉर्मल आहे असं होत नाही ना.

आता बीट. लाल आहे म्हणून रक्त वाढवतं हा समज पक्का बसलाय, पण तो लाल रंग बिटाचा स्वतःचा, लोहाचा नाही, 100 ग्रॅम बिटात 1 मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असतं आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. पूर्ण गरोदरपणात अंदाजे 1000 मिलिग्रॅम जास्तीचं लोह लागतं, बाळ, वार आणि आईचं वाढलेलं रक्त सगळं धरून. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड असतं. आहार हवाच, पालेभाजी, कडधान्यं, अळीव, खात असाल तर मटण-मासे, वर लिंबू पिळा, आमटी लोखंडी कढईत करा, पण हे गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. आणि गरोदरपणातली शुगर असेल तर गूळ-खजूर भरपूर खा हा सल्ला धोक्याचाच.

"उष्ण पडतात." मळमळ, बद्धकोष्ठ, पोटात जळजळ, हा त्रास खरा आहे, बायका उगाच सांगत नाहीत. पण त्यावर उपाय आहेत. रात्री जेवल्यावर घ्या, पाणी जास्त प्या, तरी नाही झेपली तर डॉक्टर दुसरी गोळी देतात. मी विचारते गोळी कधी घेता, तर निम्म्या वेळा उत्तर येतं, सकाळी चहासोबत! चहा-कॉफी लोह शोषू देत नाही, तासभर तरी अंतर हवं. कॅल्शियमची गोळीसुद्धा सोबत नको, एक सकाळी एक रात्री. नियम म्हणजे चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस, आणि अ‍ॅनिमिया निघाला तर डॉक्टर रोज दोन सांगतात.

महिनाभर नीट घेऊनही आकडा 1 ने सुद्धा वाढला नाही तर गप्प बसू नका. जंत असू शकतात, बी-12 जीवनसत्त्व कमी असू शकतं, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे आईबापाकडून येणारे रक्ताचे आजार असू शकतात, विदर्भात आणि नंदुरबारकडे तर सिकलसेलची तपासणी मागून करून घ्या. खूपच कमी असेल किंवा दिवस भरत आले असतील तर शिरेतून लोह देतात, ते दवाखान्यात देखरेखीखालीच देतात, त्याला घाबरून घरी बसू नका.

आणि डिलिव्हरी झाली की गोळ्या संपल्या असं नाही, पुढेही 180 दिवस घ्यायच्या असतात. बाळंतपणाला माहेरी जाताना पाकिटं बॅगेत टाका, संपली तर तिथल्या आशाताईंकडे मागा, फुकट मिळतात.