दहा टक्क्यांचं सोडा, अडकलेला दिवस मोजा

मे जवळ आला की आमच्या घोडबंदरच्या सोसायटीत दोनच विषय असतात, टँकर आणि काश्मीर. परवा खालच्या वहिनींनी विचारलं, "अडीअडचणीला किती ठेवायचे गं? आमचे हे म्हणतात ट्रिपच्या खर्चाच्या दहा टक्के."

टक्के आम्हीही ठेवले होते, 2024च्या मार्चमध्ये. मी, हे, लेक आणि सासूबाई. ह्यांच्या एक्सेल शीटमधली शेवटची ओळ होती: आकस्मिक खर्च. श्रीनगरला उतरलो आणि चारही फोन गप्प! बाहेरची प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं. नेट नाही म्हणजे यूपीआय नाही. वडापावचे पैसेही फोनवरून देणारी आम्ही माणसं, पाकिटात जेमतेम तीन हजार.

पहलगामला आमची गाडी स्टँडवरच थांबली. आरू, बेताब व्हॅली, चंदनवाडीला तिथल्या युनियनचीच टॅक्सी करावी लागते. मग घोडे. (सासूबाई "मी नाही बाई" म्हणाल्या आणि सगळ्यांत आधी चढल्या.) तिसऱ्या दिवशी दहा टक्के संपले. पण ह्यात आकस्मिक काय होतं? पॅकेजच्या कागदावर 'समाविष्ट नाही'च्या खाली बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं, एवढंच.

खरी अडचण आली ती निघायच्या दिवशी. हवामान बिघडलं, विमान रद्द. अशा वेळी विमान कंपनी पैसे परत देते नाहीतर दुसऱ्या विमानात जागा. हॉटेलचं बिल आपलं आपण भरायचं. आम्हाला जागा मिळाली दोन दिवसांनी. दोन रात्री, दोन खोल्या, चौघांचं खाणंपिणं, विमानतळाच्या फेऱ्या. त्यात मी शहाणपणा करून सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या बरोब्बर सहा दिवसांच्या मोजून घेतलेल्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठाण्यात फ्रीजला चिकटवलेली. बावीस हजार गेले, तेही क्रेडिट कार्डावर.

तेव्हापासून मी एकच विचारते: तिथे एक दिवस अडकलो तर किती लागतील? गणपतीला गावी अडकलो तर काकूंच्या हातच्या आंबोळ्या आणखी एक दिवस, खर्च फार तर पंक्चरचा. विमानाशिवाय परतता येणार नसेल तिथे मात्र दोन दिवसांचे पूर्ण पैसे बाजूला, शिवाय थोडी रोकड. ट्रिप लाखाची की तीन लाखांची, ह्याचा त्याच्याशी काय संबंध?

आणि हे पैसे ह्यांच्या खात्यात नकोत. तिथे पश्मिना शालसुद्धा अडचण ठरते. (ठरवणारी मीच, कबूल.) आमच्याकडे ते सासूबाईंच्या खात्यात असतात. मागायला गेलं की त्या चष्म्यावरून बघत "कशाला?" एवढंच विचारतात. निम्मे खर्च तिथेच गळतात.

वहिनींनी हे सगळं ऐकलं आणि पर्समधून त्यांच्या पॅकेजचा कागद काढून शेवटचं पान उघडलं. "अगं बाई, ह्यात तर दुपारचं जेवणही नाहीये!"