शनिवार, जटा आणि राजाचा वंश: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रास्ताफारी (जमैकात सुरू झालेल्या, इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी याला मानणाऱ्या धार्मिक चळवळीचे लोक) शनिवार पाळतात, डुकराचं मांस वर्ज्य मानतात, केसांना वस्तरा न लावता जटा वाढवतात. मग यहुदी नजरेतून ते ख्रिस्ती लोकांपेक्षा जवळचे ठरायला हवेत, आणि मी माझ्या लेखात दोघांना एकाच मापाने मोजलं हा अन्याय आहे.

साम्य खरं आहे. त्यांच्यातला बोबो आशांती पंथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शब्बाथ (शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस) पाळतो, आणि इटल या त्यांच्या आहारपद्धतीचे बरेच नियम थेट बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या ११व्या अध्यायातून येतात. पण बिगर-यहुद्याने काय पाळावं याचं रब्बींचं, म्हणजे यहुदी धर्मगुरूंचं, माप वेगळं आहे: नोहाच्या वंशजांचे, म्हणजे सगळ्या मानवजातीसाठीचे, सात नियम. त्यांत शब्बाथ नाही आणि डुकराचं मांसही नाही. शब्बाथ ही देव आणि इस्राएल यांच्यातल्या कराराची खूण आहे (निर्गम ३१:१७). कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत, तो शनिवार याच करारातला. तालमूद हा रब्बींचा धर्मग्रंथ तर बिगर-यहुद्याने शब्बाथ पाळण्याला चक्क हरकत घेतो. त्यामुळे शनिवार पाळून रास्ताफारी जवळ येत नाहीत आणि डुकराचं मांस खाऊन ख्रिस्ती दूर जात नाहीत.

त्या सात नियमांतला मूर्तिपूजेचा निषेध मात्र दोघांनाही लागू होतो. माणसाला देव म्हणणं त्यात बसतं का? बाराव्या शतकातला यहुदी धर्मशास्त्री मायमोनिडीस याने ख्रिस्ती धर्माला मूर्तिपूजेतच धरलं. नंतरचा रब्बी मेइरी याने तसं धरलं नाही. देवासोबत दुसऱ्याला जोडणं बिगर-यहुद्याला निषिद्ध नाही, असंही नंतरच्या अनेक रब्बींचं मत आहे. हाच वाद हैले सेलासीला देव मानणाऱ्यांनाही लागू होतो. पण सगळे रास्ताफारी एक नाहीत, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमकं हेच सुटलं आहे. ‘इस्राएलचे बारा वंश’ या पंथातले पुष्कळ जण येशूलाच तारक मानतात आणि सेलासीला प्राचीन इस्राएलचा राजा दावीद याच्या गादीचा वारस. त्यांचा निवाडा ख्रिस्ती लोकांसारखाच होईल. सेलासीला केवळ नीतिमान राजा मानणाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. खुद्द सेलासी तर आयुष्यभर इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता.

आता मसीहाचा, म्हणजे यहुदी ज्याची वाट पाहतात त्या तारक राजाचा, वंश. मसीहा दावीदच्या घराण्यातला हवा. यहुदी कायद्यात वंश बापाकडून येतो आणि यहुदीपण आईकडून. मत्तयने आपल्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ योसेफापर्यंत आणली, पण योसेफ जन्मदाता नाही असं तोच सांगतो, आणि दत्तक घेऊन वंश बदलत नाही. सेलासीचा वंश ‘केब्रा नेगास्त’ या इथिओपियन ग्रंथानुसार दावीदचा मुलगा शलमोन आणि शबाची राणी यांचा मुलगा मेनेलिक याच्यापासून, १९५५च्या इथिओपियन राज्यघटनेतही तसं लिहिलं होतं. इथे बाप शलमोन आहे, पण आई इस्राएली नाही, म्हणून मुलगा आईच्या लोकांत गणला जातो. ख्रिस्ती दावा बापापाशी अडतो, रास्ताफारी दावा आईपाशी.

वंश मान्य केला तरी मसीहाचं काम उरतंच: जेरुसलेमचं मंदिर बांधणं आणि विखुरलेल्या इस्राएलला गोळा करणं. रोमविरुद्ध बंड करणाऱ्या बार कोखबाला रब्बी अकिवांसारख्या माणसाने मसीहा मानलं होतं. तो मारला गेला, तेव्हा तो मसीहा नव्हता हे ठरलं. मायमोनिडीस हेच उदाहरण देतो. १९७५ साली सेलासी गेला. ही कसोटी त्यालाही तशीच लागते.

जटांबाबत तुमचं निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटलं. बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या ६व्या अध्यायातल्या नाजीराला (देवासाठी खास नवस घेतलेल्या माणसाला) द्राक्षाची सालसुद्धा चालत नाही, तो प्रेताजवळ जात नाही, वस्तरा लावत नाही. मिश्ना, म्हणजे तालमूदचा मूळ गाभा, आणखी सांगते की नाजीराने केस धुवावेत, बोटांनी मोकळे करावेत, पण विंचरू नयेत, कारण कंगव्याने केस उपटतात. जटांच्या इतकं जवळ जाणारं दुसरं वचन मला माहीत नाही. फरक मुदतीचा आहे. मुदत सांगितली नसेल तर हा नवस ३० दिवसांचा. शेवटी तीन पशूंचे बळी द्यायचे, डोकं भादरायचं आणि ते केस शांत्यर्पणाखालच्या विस्तवात टाकायचे. इ.स. ७० पासून मंदिरच नाही, त्यामुळे नवस फेडायची सोय उरलेली नाही. म्हणूनच आज कुणी यहुदी तो घ्यायला निघाला, तर रब्बी त्याला अडवतात.